स्टार्टर सारखा पडतो, रिले वाढवला की मोटार जळते: व्होल्ट आणि ॲम्पिअरवरून दोष कसा शोधायचा

दिवाळी सरली, हरभरा उगवून वर आला, पहिल्या पाण्याची पाळी सुरू झाली की आमच्या औसा तालुक्यात एक तक्रार रोज ऐकू येते: "मोटार चालतीय हो, पण पंधरा-वीस मिनिटांत स्टार्टर पडतोय." माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवीन तार गुंडाळायचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या दहापैकी निम्म्या मोटारींची सुरुवात याच वाक्यापासून झालेली असते, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

पुढचं ठरलेलं असतं. रात्रीची लाईट, थंडी, माणूस दारं धरून, म्हणजे पाणी वाफ्यात वळवत उभा, आणि पाणी बंद. तो चिखलाच्या पायांनी स्टार्टरच्या पेटीकडे येतो, हिरवं बटण दाबतो, परत जातो, परत पाणी बंद. तिसऱ्या वेळी तो रिलेचं, म्हणजे करंट जास्त झाला की स्टार्टर पाडणाऱ्या भागाचं चक्र ९ ॲम्पिअरवरून १२ वर फिरवतो. मग मोटार रात्रभर चालते. दोन रात्री चालते, आठवडा चालते. आणि मग एका पहाटे नुसती घुमते, पेटीतला फ्यूज उडतो आणि मोटार माझ्याकडे येते.

हे लिहायला बसलो ते माझ्या थोरल्या भावाच्या मोटारीमुळे. पाच एचपीची सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायची, बोअरमध्ये साडेपाचशे फुटांवर सोडलेली. तीन हंगामांत तीनदा जळाली आणि तीनदा मीच भरली. तिसऱ्या वेळी ती उघडली तेव्हा मला स्वतःचाच राग आला. दोन वेळा मी फक्त तार भरून दिली होती. ती का जळते हे शेतात जाऊन बघितलं नव्हतं.

उघडलेल्या मोटारीकडे नीट बघितलं तर अर्धं कारण तिथेच कळतं. पाण्यात चालणाऱ्या मोटारीत प्लॅस्टिकचं वेष्टन असलेली तार असते. एखादा फेज, म्हणजे लाईटच्या तीन तारांपैकी एक, गेल्यामुळे मोटार जळाली असेल, तर काही कॉइल करपलेल्या आणि बाकीच्या कोऱ्या दिसतात. दादाच्या मोटारीत तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच गेल्या होत्या, वेष्टन मऊ होऊन तार तारेला चिकटलेली. म्हणजे मोटारीने बराच काळ जास्त करंट ओढला, तिन्ही फेजवर. रिले तेच सांगत होता आणि आपण त्याचं तोंड बंद करत होतो.

आता हिशेब. तो दोन ओळींचा आहे, शाळेत सगळ्यांनी केलेला: व्होल्टला ॲम्पिअरने भागलं की रेझिस्टन्स ओहममध्ये मिळतो, आणि व्होल्टला ॲम्पिअरने गुणलं की पॉवर वॅटमध्ये मिळते. अडचण सूत्राची नसते. कुठले व्होल्ट आणि कुठले ॲम्पिअर घ्यायचे, इथे गाडी अडते. म्हणून आधी घरातल्या पाणी तापवायच्या रॉडवर हात बसवून घ्या.

रॉडवर लिहिलेलं असतं १००० वॅट, २३० व्होल्ट. १००० भागिले २३० म्हणजे ४.३५ ॲम्पिअर. २३० भागिले ४.३५ म्हणजे सुमारे ५३ ओहम. हे ५३ ओहम त्या रॉडच्या अंगचे आहेत, लाईट कमी आली तरी फारसे बदलत नाहीत. संध्याकाळी घरात १९० व्होल्ट आले तर करंट १९० भागिले ५३, म्हणजे ३.५८, आणि पॉवर १९० गुणिले ३.५८, म्हणजे साधारण ६८० वॅट. व्होल्टेज १७ टक्के कमी झालं आणि उष्णता ३२ टक्के कमी झाली. "लाईट जरा कमी आहे, पण पाणी तापायला इतका वेळ का?" या प्रश्नाचं उत्तर हेच, व्होल्टेज घटलं की करंटही घटतो आणि पॉवर दोन्हीकडून मार खाते.

याच रॉडने घरातली वायरिंग तपासता येते, आणि पुढे शेतात वापरायची युक्ती हीच आहे. समजा १५०० वॅटचा रॉड आहे. सॉकेटवर काही न लावता मोजलं, २२८ व्होल्ट आले. रॉड लावून लगेच त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटवर मोजलं, २१४ आले. १४ व्होल्ट कुठेतरी गेले. करंट मोजला, ६ ॲम्पिअर. १४ भागिले ६ म्हणजे २.३ ओहम. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, त्या सॉकेटपर्यंतच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांचा आणि मधल्या सगळ्या जोडांचा मिळून हा रेझिस्टन्स आहे. १४ गुणिले ६ म्हणजे ८४ वॅट उष्णता तुमच्या तारांत आणि जोडांत मुरते आहे. ती लांबलचक तारेत पसरलेली असेल तर हरकत नाही. एकाच स्क्रूखाली जमली असेल तर तिथे प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळं, मग वास येतो.

लक्षात ठेवायचं ते एवढंच: बंद असतानाचं व्होल्टेज एकटं काही सांगत नाही. चालू असतानाचं मोजा, दोन्हींतला फरक काढा, त्या फरकाला करंटने भागा.

मोटारीला हे जसंच्या तसं लावू नका

माझा पुतण्या आयटीआयला आहे, हुशार आहे. मोटार दुकानात आली तेव्हा त्याने नेमप्लेट वाचली: ४१५ व्होल्ट, ९ ॲम्पिअर. भागाकार केला, ४६ ओहम. मग मी नवीन भरलेल्या वायंडिंगवर, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांवर मीटर लावला तर ३.६ ओहम. तो म्हणाला, "काका, हे शॉर्ट आहे. ४६ पाहिजेत."

चूक त्याची एकट्याची नाही, चांगले जुने मिस्त्री पण इथे फसतात. मोटार फिरत असते तेव्हा तिच्या वायंडिंगमध्ये उलट व्होल्टेज तयार होतं आणि ते करंटला अडवून धरतं. शिवाय कॉइलचा चुंबकी विरोध वेगळाच. ४१५ ला ९ ने भागून येतो तो हा सगळा विरोध मिळून, तारेचा रेझिस्टन्स नव्हे. मीटरने दाखवलेले ३.६ हे फक्त तांब्याच्या तारेचे. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, अडकला की ते उलट व्होल्टेज तयार होत नाही, म्हणूनच अडकलेली मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. (जुना गोल बल्बही असाच फसवतो. १०० वॅटच्या बल्बचा हिशेबाने रेझिस्टन्स येतो ५२९ ओहम, पण बंद थंड बल्बवर मीटर लावला तर चाळिसाच्या आसपास दाखवतो. तो पेटून पांढरा झाल्यावर ५२९ होतो.)

वायंडिंग मोजायची ती तुलनेसाठी. तीन तारांच्या तीन जोड्या मोजा. ३.६, ३.६, ३.७ आलं तर निर्धास्त राहा. ३.६, ३.६, २.४ आलं तर कुठेतरी कॉइल चिकटलीय. हे मोजमाप लाईट पूर्ण बंद करून, फ्यूज काढून करायचं. आणि पेटीपासून मोजत असाल तर जाणाऱ्या-येणाऱ्या केबलचा रेझिस्टन्स त्यात मिसळतो, तो वजा करायचा. दादाच्या पेटीत मला ८.३ ओहम आले होते. ३.६ वायंडिंगचे, उरलेले ४.७ केबलचे. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वायंडिंगपेक्षा केबलचा रेझिस्टन्स मोठा, हे चांगलं लक्षण नव्हतं.

दुसरं, थ्री फेजच्या पॉवरमध्ये १.७३२ चा गुणक येतो आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटमधला खरा कामाला येणारा हिस्सा, येतो. पॉवर म्हणजे १.७३२ गुणिले व्होल्ट गुणिले ॲम्पिअर गुणिले पॉवर फॅक्टर. दादाच्या मोटारीसाठी: १.७३२ × ४१५ × ९ × ०.८२, म्हणजे ५३०० वॅट. पाच एचपी म्हणजे ३७३० वॅट बाहेर, आणि आत ५३००. मधला फरक मोटारीच्या आतली उष्णता आणि घर्षण. सबमर्सिबलचं असंच असतं, मोटार सडपातळ असल्यामुळे तिची कार्यक्षमता कमी पडते.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. रॉड कमी व्होल्टेजला कमी करंट घेतो, मोटार त्याच्या उलट वागते. पंपाला पाणी तेवढंच वर फेकायचंय, त्याला पॉवर तेवढीच हवी. व्होल्टेज घटलं की ती तूट मोटार करंट वाढवून भरून काढते. ५३०० वॅट ३५० व्होल्टवर ओढायचे तर ५३०० भागिले (१.७३२ × ३५० × ०.८२), म्हणजे साधारण १०.६ ॲम्पिअर. नऊच्या जागी साडेदहाच्या वर. वायंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: १०.६ भागिले ९, त्याचा वर्ग १.३९. म्हणजे जवळपास ४० टक्के जास्त उष्णता, रात्रभर, त्या प्लॅस्टिकच्या वेष्टनाला.

शेतात मोजलं ते

पुढचं मोजमाप चालू लाईटवर आहे. ज्याला सवय नाही त्याने ते करू नये, वायरमनला बोलवावं. ओल्या पायांनी, चिखलात उभं राहून, उघड्या पेटीत हात घालून आमच्या भागात दर हंगामात माणसं जातात. कोरडी फळी पायाखाली, रबरी बूट, चांगल्या दर्जाचा मीटर, प्रोबच्या वायरी न चिरलेल्या, आणि जवळ दुसरा माणूस. करंट मोजायला टाँग टेस्टर, तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर, म्हणजे तार तोडावी लागत नाही. मल्टिमीटर ॲम्पिअरच्या भोकात प्रोब ठेवून चुकून दोन फेजवर लावला तर हातात फुटतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आदल्या आठवड्यात दिवसाची लाईट होती. शेजारच्या मोटारी बंद असताना पेटीत फेज-फेजमध्ये ४१५ व्होल्ट मिळाले होते. दादाचं म्हणणं तेच: "दुपारी मी बघितलं, लाईट फुल आहे. मोटारच खराब भरलीस तू."

मग मी रात्री गेलो. लाईट आली आणि सगळ्या शिवारात मोटारींचा एकदम आवाज झाला. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच सगळ्यांकडे, त्यामुळे सगळ्या एकाच क्षणी उठतात. आमच्या डीपीवर अकरा मोटारी आहेत. ६३ केव्हीएचा, म्हणजे ६३००० व्होल्ट-ॲम्पिअरचा डीपी ४३३ व्होल्टवर किती करंट देऊ शकतो? ६३००० भागिले (१.७३२ × ४३३), म्हणजे ८४ ॲम्पिअर. अकरा मोटारी दहा-दहा ॲम्पिअरने धरल्या तर ११० झाले. हे गणित कुणी मांडलं नव्हतं, मीही नाही.

दादाची मोटार बंद ठेवून पेटीत मोजलं: ३९७. म्हणजे ४१५ मधले १८ व्होल्ट शेजाऱ्यांच्या मोटारींनी खाल्ले. मग आपली मोटार चालू केली, पाणी पडायला लागलं, दोन मिनिटांनी पुन्हा मोजलं: ३८८. आणखी ९ गेले, हे आपल्या एका मोटारीमुळे. टाँग टेस्टरवर करंट १०.६, १०.२, १०.८. पिवळ्या फेजला कमी, हे ध्यानात ठेवलं.

हा ९ व्होल्टचा फरक भागून बघितला. थ्री फेजमध्ये फेज-फेजमधला फरक १.७३२ ने भागला की एका तारेचा फरक मिळतो, मग करंटने भागायचं. ९ भागिले १.७३२, भागिले १०.६, म्हणजे ०.४९. मोटारीचा पॉवर फॅक्टर असल्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो, ०.८२ ने पुन्हा भागलं की ०.६ ओहम. डीपी ते पेटी सहाशे मीटरच्या ॲल्युमिनियम तारेला हे वावगं नाही. लाईनमध्ये मोठा दोष नव्हता.

मग स्टार्टर. एक प्रोब वर, जिथे पिवळा फेज आत येतो तिथे. दुसरा प्रोब खाली, जिथे तोच पिवळा फेज रिलेमधून बाहेर मोटारीकडे जातो तिथे. एकाच तारेची दोन टोकं आहेत, त्यामुळे मोटार चालू असताना इथे जवळपास शून्य यायला हवं. लाल फेजला ०.२ व्होल्ट आले. निळ्याला ०.२. रिलेच्या आतली पट्टी थोडं खाते, ते साहजिक. पिवळ्याला ३.१.

तीन व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. भागून बघा: ३.१ भागिले १०.२ म्हणजे ०.३ ओहम. गुणून बघा: ३.१ गुणिले १०.२ म्हणजे ३२ वॅट. आपण सोल्डरिंगची जी साधी २५ वॅटची काडी वापरतो ती कथील वितळवते. इथे त्याहून जास्त उष्णता हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या स्क्रूखाली साठत होती. जोडाला पॉवर फॅक्टर वगैरे काही नसतं, तो शुद्ध रेझिस्टन्स, म्हणून हा हिशेब सरळ लागतो. लाईट बंद केली, फ्यूज काढले, हात लावला तर स्क्रू चटका देत होता. उघडला. तारेच्या टोकाला लग, म्हणजे दाबून बसवायची धातूची टोपी, नव्हती, सात-आठ तारा पिळून आत कोंबलेल्या, त्यातल्या चार काळ्या आणि ठिसूळ, स्क्रूची खाच हिरवी पडलेली.

आता रिले का पडत होता ते नीट जुळलं. थर्मल रिलेत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकते आणि खटका पाडते. लावलेल्या करंटच्या १.०५ पटीला तो पडू नये आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे, अशी या रिलेची रचना असते. ९ वर लावलेल्या रिलेमधून १०.६ जात होते, म्हणजे १.१८ पट. एवढ्यावर तो तास-दीड तास तग धरून राहिला असता. पण शेजारच्याच स्क्रूची ३२ वॅटची धग पट्टीला लागत होती, म्हणून तो वीस मिनिटांत पडायचा. म्हणजे रिले थोडा घाईने पडत होता हे खरं, पण करंट जास्त आहे हे त्याचं म्हणणंही खरंच होतं. स्क्रू घट्ट केला आणि काम झालं म्हणून घरी गेलो असतो, तर चौथी मोटार भरावी लागली असती.

केबल

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढे-मागे आमच्या भागात ज्याला जमलं त्याने बोअर खोल केले. दादाची मोटार आधी अडीचशे फुटांवर होती, ती साडेपाचशेवर गेली. पाइप वाढवले, केबलला जोड मारून केबल वाढवली. पण जाडी तीच ठेवली, अडीच एमएम, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष पाणी लागतं का याच्याकडे होतं, केबलचा विचार कोण करतंय.

पेटीपासून बोअरपर्यंत ५०० फूट, आत ५५० फूट. एकूण १०५० फूट म्हणजे ३२० मीटर. तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स हजार मीटरला अडीच एमएमसाठी सुमारे ७.४ ओहम असतो, चार एमएमसाठी ४.६, सहासाठी ३.१, दहासाठी १.८. केबल तापली की थोडा वाढतो. ॲल्युमिनियम असेल तर साधारण १.६ पट धरा. दादाची अडीच एमएम ३२० मीटर म्हणजे एका तारेचा २.३७ ओहम. जाऊन-येऊन दोन तारा ४.७४. पेटीतून वायंडिंग वजा करून आलेले ४.७ आठवा.

बोअरच्या तोंडाशी जोड उघडा होता, तिथे मोटार चालू असताना ३६९ व्होल्ट मिळाले. त्याच्या खाली मीटर जात नाही, पण हिशेब जातो. खालची ५५० फूट म्हणजे १६८ मीटर, १.२४ ओहम. १.७३२ × १०.६ × १.२४ × ०.८२ म्हणजे १९ व्होल्ट. मोटारीच्या अंगाला पोचतात ते ३५०.

मी दादाला बांधावर बसवून, टॉर्चच्या उजेडात वहीत आकडे मांडून दाखवले. ४१५ मधून मोटारीपर्यंत पोचले ३५०. गेले ६५. त्यातले १८ शेजाऱ्यांच्या भाराने, ९ लाईनमध्ये, आणि उरलेले ३८ आपल्या पेटीपासून पुढे, आपल्या केबलमध्ये आणि आपल्या त्या एका स्क्रूत. लाईट कमी येते म्हणून आपण तीन वर्षं लाईटवाल्यांना बोलत होतो, आणि निम्म्याहून जास्त व्होल्टेज आपल्याच बांधावर हरवत होतं. दादा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग ते जातंय कुठं?"

जातं उष्णतेत. तीन तारा, प्रत्येकीत करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स: ३ × १०.६ × १०.६ × २.३७, म्हणजे ८०० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पाच एचपीच्या मोटारीमागे एक एचपीहून जास्त फक्त केबल तापवण्यात जात होतं. आठ तासांच्या रात्रीला सुमारे ६.४ युनिट.

काय केलं आणि काय झालं

मोटार वर काढायचीच होती, म्हणून पूर्ण लांबी सहा एमएमची एकसंध केबल घातली, मधला जुना जोड संपला. पेटीत सगळ्या टोकांना लग दाबून बसवल्या, पिवळ्या फेजचा जळका स्क्रू आणि पट्टी बदलली, रिले परत ९ वर आणला. केबल महाग आहे हे मला माहीत आहे, दादाने तोंड वाकडं केलंच. पण तीनदा मोटार भरणं आणि तीनदा बोअरमधून ती काढायला गाडी लावणं एकत्र मांडलं तेव्हा तो गप्प झाला. एवढी ऐपत नसेल तर चार एमएम घाला, तीही अडीचपेक्षा बरीच बरी. अर्धी जाड, अर्धी बारीक करायची वेळ आली तर बोअरच्या आतली जाड घाला, कारण ती बदलायला पुन्हा मोटार काढावी लागते. वरची कधीही बदलता येते.

त्याच वेळेला, त्याच भाराला पुन्हा मोजलं. मोटार चालू असताना पेटीत ३८९, हिशेबाने मोटारीच्या अंगाला ३७५, करंट ९.९. केबलची उष्णता ८०० वरून २९० वॅटवर आली. स्टार्टरच्या तिन्ही फेजला ०.२.

तरी ९.९ म्हणजे नेमप्लेटपेक्षा जास्तच. इथे दोन गोष्टी उरल्या होत्या. पावसाळा चांगला झाल्याने बोअरचं पाणी वर होतं. पाणी वर असलं की पंपाला उंची कमी पडते आणि तो जास्त पाणी फेकायला जातो, करंट वाढतो. तोंडाचा व्हॉल्व्ह थोडा दाबला, टाँग टेस्टरकडे बघत बघत, आणि ९.२ वर थांबलो. पाणी किंचित कमी झालं, दाऱ्यावर फरक जाणवला नाही. ९.२ म्हणजे रिलेच्या १.०५ पटीच्या आत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की व्हॉल्व्ह परत उघडायचा.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांच्या भाराची, त्या १८ व्होल्टची. अकरा जणांना बसवून बोललो. सहा जणांनी ऑटो स्विच काढून टायमर लावले, मोटारी मागे-पुढे उठतात. बाकीचे अजून विचार करतायत.

कॅपॅसिटरबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहितो. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावा, जरूर लावा, पॉवर फॅक्टर ०.८२ वरून ०.९५ च्या आसपास येतो आणि लाईनवरचा, डीपीवरचा करंट कमी होतो. पण तो पेटीत लावला तर पेटीच्या मागच्या बाजूचा, डीपीकडचा करंट कमी होतो. पेटीपासून बोअरच्या तळापर्यंत मोटारीचा करंट होता तेवढाच वाहतो. दादाकडे कॅपॅसिटर आधीपासून होता. त्याने केबलला काहीच मदत केली नव्हती.

स्टार्टर पडल्यावर मोजायचा क्रम मी आता दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. आपली मोटार बंद, पेटीत व्होल्ट. मोटार चालू, पेटीत व्होल्ट आणि तिन्ही ॲम्पिअर. चालू मोटारीवर स्टार्टरच्या वर-खाली व्होल्ट, प्रत्येक फेजला. बोअरच्या तोंडाशी व्होल्ट. केबलची लांबी आणि जाडी. एवढे आकडे घेऊन आलात तर मी मोटार उघडायच्या आधी सांगू शकतो दोष कुठे आहे. मागच्या महिन्यात निलंग्याकडचा एक मुलगा असे आकडे कागदावर लिहून घेऊन आला. चालू भाराला त्याच्या लाल फेजवर स्टार्टरमध्ये ५ व्होल्ट, करंट ११. मी म्हटलं, मोटार काढू नकोस, ५५ वॅट एका जागी जळतायत, कॉन्टॅक्टरची, म्हणजे स्टार्टरमधल्या लाईट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाची, लाल फेजची पट्टी बघ. त्याने संध्याकाळी फोटो पाठवला. पट्टीवर भोक पडलेलं होतं.